बरोबरच्या खुणा

कुकरची शिट्टी झाली नाही, एवढंच झालं होतं. तुंगाबाईंनी ओट्याशी वाकून दोनदा कान दिला, “परत डाळीचं साल अडकलंय वाटतं, मत्ते,” असं स्वतःशीच म्हणत चमच्याच्या दांड्यानं वरचं वजन जरासं उचललं आणि कोंडलेली वाफ फस्सकन छताकडे गेली. टेबलाशी बसलेल्या सुधींद्ररावांच्या डाव्या हातात चटणीची वाटी होती, ती तशीच राहिली. उजव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट आपली आपण हलली. दोन वेढे, एक खालून, आणि ओढ. फाइलीची गाठ. कारखान्याच्या सुरक्षा विभागात तीस वर्षं लाल फितीला मारलेली, जी सुटत नाही, कापावीच लागते. हात हवेत ती गाठ मारत होता आणि डोकं, सवयीप्रमाणे, हाताच्या मागून सही करायला येत होतं. हीच गाठ काल मारली होती. कशाला मारली होती? पिवळा दोरा होता. हळकुंड होतं. सगळे उभे होते. आणि दोऱ्याखाली बोटांना लागलेलं ते थंड लोखंड म्हणजे दांडी होती.

“अय्यो, ताटातली तिंडी निवली की,” तुंगाबाई म्हणाल्या. “वाटी धरून फोटोला बसल्यासारखं काय बसलाय?”

सुधींद्ररावांच्या मनात एक रजिस्टर कायमचं उघडं असे. तारीख, नाव, काय घडलं, कारण. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी रकाने पुसले गेले नव्हते, फक्त आता त्यांत कामगारांऐवजी नातेवाईक भरले जात. कालच्या पानावर त्यांनी सगळ्यांच्या नोंदी घातल्याच होत्या: जावई अनुराग, पुण्याचा, मंत्र येत नसताना ओठ हलवतो; बायको तुंगा, प्रसाद वाटताना आपल्या ओळखीच्यांना थोरला तुकडा देते; अंबुबाई, गवत कापायला ठेवलेली, पूजेत मागे उभी राहते पण सगळं बघते. स्वतःच्या नावापुढे मात्र काही लिहिलेलं नव्हतं. रजिस्टर ज्याच्या हातात असतं त्याचं नाव त्यात कधी येत नाही, हा रजिस्टरचा मोठा गुण.

काल खंडेनवमीची आयुधपूजा होती. हूटगळ्ळीत लेकीच्या, म्हणजे अन्विताच्या, घरामागच्या शेडमध्ये ते गवती चहाचं तेल काढायचं यंत्र झेंडूच्या माळा घालून बसलं होतं. यंत्र म्हणायचं आपलं. छातीइतकं उंच स्टीलचं पिंप, खाली गॅसची शेगडी, तळाला पाणी, वर जाळीवर भरलेलं गवत. झाकण आठ स्क्रूंनी आवळलेलं, आणि झाकणातून निघालेली वाकडी नळी थंड पाण्याच्या टाकीतून फिरून पलीकडे बाहेर, जिथे काचेच्या भांड्यात पाण्यावर पिवळं तेल तरंगतं. नळी मोकळी आहे तोवर पिंपासारखं गरीब जनावर नाही. नळीत गवताचा चोथा अडकला की मात्र आतली वाफ जाणार कुठे? म्हणून झाकणावर सेफ्टी व्हॉल्व्ह, म्हणजे वीतभर दांडी आणि तिच्या टोकाला वजन. दाब वाढला की दांडी उचलते, वाफ सोडते, पुन्हा खाली बसते. विकणारा नुसती स्प्रिंगची घुंडी देत होता. दांडीच पाहिजे, हा हट्ट सुधींद्ररावांचा. “घुंडी आतल्या आत काय करते ते दिसत नाही. दांडी हलताना दिसते,” ते म्हणाले होते, आणि लेकीनं कौतुकानं मान हलवली होती. शेडमध्ये मोबाइल न्यायचा नाही, बाहेरच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचा, हाही त्यांचाच नियम. दार बाहेर उघडणारं पाहिजे, पेटल्यावर माणसानं जागा सोडायची नाही, गवत दाबून भरायचं नाही. नियमांचा कागद त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहून भिंतीवर चिकटवला होता. काल त्यालाही कुंकू लागलं.

मग दोरा. हळदीच्या पाण्यात भिजवलेला नऊ पदरी दोरा. “मोठ्यांच्या हातानं,” अनुराग म्हणाला आणि फोन सरसावून दाराबाहेर फोटो काढायला उभा राहिला. पिंपाचं पोट गुळगुळीत, दोरा खाली सरके. नळीवरून घसरे. लोक बघत होते, तुंगा घसा खाकरत होती, आणि त्या सगळ्या चकचकीत यंत्रात दोरा धरून ठेवील अशी बाहेर आलेली एकच गोष्ट होती. दांडी आणि तिच्याखालचा पाइप यांना मिळून त्यांनी दोन वेढे दिले, एक खालून, आणि ओढ. टाळ्या झाल्या. तीस वर्षं ज्या माणसानं ‘व्हॉल्व्हला काहीही बांधू नये’ असं दर महिन्याला टाइप केलं, त्यानं व्हॉल्व्ह बांधला आणि वर हळदीचं बोट लावलं, आणि त्या क्षणी त्याला फक्त एवढंच वाटलं की गाठ छान बसली. पूजेचा दोरा कोणी काढत नाही. तो आपण होऊन गळेपर्यंत राहतो. तुंगाच्या शिवणयंत्राला मागच्या वर्षीचा अजून आहे. आणि भिजलेला दोरा रात्रभर वाळून आवळतो.

आज विजयादशमी. आज पूजेनंतरची पहिली खेप पेटणार होती.

अन्विताला फोन लावला. वाजला, वाजून थांबला. पुन्हा लावला. पत्र्याच्या डब्यात, शेडच्या बाहेर, त्यांच्याच नियमाच्या पोटात तो घणघणत असणार. मग अनुरागला लावला. तो स्टेशनवर होता, त्याची आई पुण्याहून येत होती.

“बाबा, गाडी दीड तास लेट! आई आतून फोन करून मलाच ओरडतेय, जशी गाडी मीच चालवतोय.”

“पेटवलं का रे तिनं?”

“साडेनऊलाच. मुहूर्त होता ना, तुमच्याच पंचांगातला.”

भिंतीवर नऊ चाळीस झाले होते. पाणी उकळायला अर्धा तास. गवत तापून नळीला वाफ लागायला आणखी थोडं. सुधींद्ररावांच्या जिभेवर वाक्य पूर्ण तयार होतं. मी व्हॉल्व्ह बांधलाय, शेजाऱ्याला फोन कर, गॅस बंद करायला सांग. दहा शब्द. शेडपासून शेजारचा माणूस हाकेच्या अंतरावर होता, अनुरागच्या एका फोनवर दोन मिनिटांत काम झालं असतं. पण त्या वाक्याच्या सुरुवातीला ‘मी’ होता. आणि पलीकडे जावई होता, पुण्याचा, ज्याला सासऱ्यांनी वर्षभर सुरक्षेवर व्याख्यानं दिली होती, आणि जो ही गोष्ट पुढची वीस वर्षं प्रत्येक दिवाळीला रंगवून सांगणार होता.

“का हो बाबा? काही झालंय का?”

“नाही. काही नाही. सहज.”

फोन ठेवल्यावर त्यांनी चपला घातल्या. “जांबूसवारीच्या दिवशी कुठे निघालात?” तुंगाबाईंनी विचारलं. “रस्ते सगळे बांधून ठेवलेत.” बांधून ठेवलेत हा शब्द जिन्यावरून त्यांच्या मागोमाग खाली आला.

मंडी मोहल्ल्यातून बाहेर पडायला वीस मिनिटं गेली. मोठ्या रस्त्याच्या तोंडाशी पोलिसांनी बांबूचे आडवे कठडे घातले होते, दुपारी निघणाऱ्या हत्तींच्या त्या जांबूसवारीसाठी सकाळपासून लोक चटया टाकून बसले होते, कोणी कोणाच्या चटईवर पाय दिला म्हणून भांडण चाललं होतं. सुधींद्रराव ते सगळं ओलांडत गेले. चालताना हिशोब चालू होता. सुती दोरा. नऊ पदर. दोन वेढे म्हणजे अठरा, दांडीच्या दोन्ही बाजू धरल्या तर छत्तीस. एक पदर किती वजन पेलतो? विहिरीच्या दोराला माणूस लटकतो. पण तुटेल. तुटेलच. सूत आहे, वाफेनं भिजेल, भिजून ढिलं होईल. की भिजून फुगेल आणि आणखी आवळेल? तुटेल हे नक्की, प्रश्न एवढाच की दोरा आधी तुटेल की झाकण. आणि नळी कशाला अडकेल? रोज थोडीच अडकते? आजवर एकदाही दांडी उचललेली नाही, अन्विता सांगते. ते स्वतःला असं समजावत होते आणि हे समजावणं ओळखीचं होतं. ते कारखान्याच्या कँटीनच्या कॉफीच्या वासाचं होतं.

कठड्यापलीकडे एक रिक्षा मिळाली. तिच्या कपाळाला केळीचे दोन खांब बांधलेले, काचेवर हळदीकुंकवाचे हात, आरशावर झेंडूची अशी भरगच्च माळ की मागचं काही दिसू नये.

“आरसा दिसतो का रे तुला?” त्यांनी कन्नडमध्ये विचारलं.

“आज देवच बघतोय मागचं, सर,” तो म्हणाला. “आपण पुढचं बघायचं.”

गावातली सगळी यंत्रं एक दिवस डोळे बांधून चालली होती. बसच्या ब्रेकला लिंबू, लेथला दोरा, कॉम्प्युटरला कुंकू. आपण ज्यांना भितो त्यांची पूजा करतो की पूजा केली म्हणून भिणं सोडतो? रिक्षा धक्के देत होती आणि प्रत्येक धक्क्याबरोबर कारखान्यातला नरसिंहमूर्ती आठवणीत थोडा थोडा वर येत होता.

त्याच्या आधी मात्र अन्विता आली. नऊ वर्षांची, दोन वेण्या, जेवणाच्या टेबलावर गुडघे टेकून उभी. महिनाअखेरीची संध्याकाळ. सुधींद्रराव पिशवीतून रजिस्टरं काढून टेबलावर मांडत. शिडी तपासली, वायर तपासली, अग्निशामक तपासला, बॉयलरचा व्हॉल्व्ह हलवून पाहिला. रोजची एक ओळ, ओळीत बारा चौकोन, प्रत्येक चौकोनात बरोबरची खूण. रोज कोण घालणार? सगळेच महिनाअखेरीला घालत. अन्विता म्हणे, “अप्पा, मी घालू?” तिची खूण सुरेख असे, छोटी उतरण, लांब चढण आणि शेवटी शेपटीला किंचित वळण. एका पानाला एक खोबऱ्याची वडी. ती जीभ बाहेर काढून, एकही चौकोन न चुकवता, कारखाना सुरक्षित करत जाई. पुढे पुढे वड्या वाचवायला चालू महिन्याबरोबर पुढच्या महिन्याच्याही खुणा घालून ठेवू लागली. “हुशार आहे,” तुंगा म्हणाली होती. तेही म्हणाले होते. घरातली सगळ्यात सुखाची आठवण कोणती असं कोणी विचारलं तर सुधींद्ररावांनी हीच सांगितली असती. पंख्याचा आवाज, खोबऱ्याचा वास आणि निळ्या पेनाची ती सरसर.

नरसिंहमूर्ती बॉयलरवर होता. अठ्ठ्याण्णव साली ऑगस्टातल्या एका बुधवारी स्फोट झाला. व्हॉल्व्ह गळतो म्हणून कोणीतरी कधीतरी त्याची दांडी तारेनं आवळून टाकली होती. कधी? तारेवर गंज होता. पण चौकशीला आलेल्या साहेबांनी तार नंतर पाहिली, आधी रजिस्टर पाहिलं. रजिस्टरात व्हॉल्व्ह रोज हलवून पाहिलेला होता, मंगळवारीही होता, आणि त्यापुढच्या चौकोनांकडे साहेबांनी पाहिलं नाही. मग तार बुधवारचीच असणार, आणि बुधवारी पाळीवर कोण होतं? अहवालाच्या ‘कारण’ या रकान्यात सुधींद्ररावांनी टाइप केलं: कामगाराचा निष्काळजीपणा. नरसिंहमूर्तीचा एक डोळा गेला, उजवा हात कोपरापर्यंत सोलला आणि नोकरी गेली. इस्पितळात ते त्याला भेटायला गेले तेव्हा तो उरलेल्या डोळ्यानं बघत कन्नडमध्ये म्हणाला, “सर, तुम्ही तर रोज बघत होतात ना?” जाब विचारला नव्हता त्यानं, फक्त आधार मागितला होता. आणि सुधींद्ररावांना त्या क्षणी डोळ्यांपुढे दिसली ती मंगळवारच्या चौकोनातली खूण, शेपटीला वळण असलेली. हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. तुंगालाही नाही, अन्विताला तर नाहीच. तिला अजून वाटतं अप्पांनी तिला अक्षर वळवायला म्हणून ते काम दिलं होतं.

रिक्षा वळली. दहा चाळीस. नव्या घरांच्या रांगा, अर्धवट बांधलेले मजले, पाण्याच्या टाक्या. त्यांनी आकाशाकडे पाहिलं, धूर आहे का. धूर नव्हता. मग कान दिला, आणि कान दिल्यावर कळलं की स्फोट होऊन गेला असेल तर त्याचाही आवाज आता येणार नाही. शांतता दोन्हीची सारखीच असते.

फाटकाशीच वास आला. गवती चहाचा, दाट, ओला, लिंबासारखा. तो एरवी त्यांना आवडे. ते धावले. सहासष्टाव्या वर्षी माणूस धावतो म्हणजे वेगात अडखळतो, तसे. शेडचं दार उघडं होतं. आत अन्विता उभी होती, ओढणी कमरेला खोचून, केस चिकटलेले, दोन पायांवर, दोन डोळ्यांनी त्यांच्याकडे बघत.

“अय्यो अप्पा! आज आलात? रस्ते बंद नाहीत?”

शेगडी विझलेली होती. झाकण उघडून बाजूला ठेवलं होतं, वाकडी नळी काढून पाण्यात बुडवली होती, तिच्या तोंडाशी हिरव्या चोथ्याचा गोळा. दांडी मोकळी होती. दोरा नव्हता.

“काय गंमत झाली माहितेय?” अन्विता उत्साहानं सांगत होती. “मी जरा जास्त गवत भरलं, सणाचं म्हणून. नळी चोंदली. आणि एकदम शीःःः करून तुमची दांडी उडाली की! पहिल्यांदा! मी तर घाबरून बाहेरच पळाले. मग तुम्ही सांगितलंय तसंच सगळं. गॅस बंद, कोणी हात लावायचा नाही, निवेपर्यंत लांब. आत्ता उघडलं. अप्पा, तुमची दांडी पास झाली हं. एक वडी तुम्हाला.”

ते हसले असावेत. चेहऱ्यावर काहीतरी झालं. ते बाहेर येऊन उंबऱ्याच्या दगडावर बसले. समोर आंब्याखाली अंबुबाई विळीवर गवत कापत होती, मान वर न करता. तिच्या बाजूला झाडाच्या खिळ्याला पिवळा दोरा लटकत होता, हळकुंडासकट, गाठ तशीच शाबूत, दोऱ्याला बाजूनं कोयता लागलेला.

“कधी कापलात?” त्यांनी हळू विचारलं.

“पेटवल्यावर, अर्ध्या-पाऊण तासानं. आतून पिंप गुरगुरायला लागलं.” अंबुबाई बन्नूरकडची, गुऱ्हाळात वाढलेली. तिची मराठी कानडीच्या अंगानं चाले. “देवाचा दोरा कापू नये म्हणतात, रायरे. पण उकळणाऱ्या भांड्याचं तोंड कोण बांधतं का? माझ्या आज्जीनं बांधू दिलं नसतं.”

“अन्विताला?”

“नाही सांगितलं.” विळीवर एक जुडी सरकली, कच्च करून तुटली. “ती झाकणाकडे बघतच नव्हती, काच मांडत होती. आणि काल कोण बांधलं ते मी बघितलं होतं. मोठ्या माणसाचं मोठ्या माणसानं सांगावं. दोरा कापला आणि पाच मिनिटांत शीः.”

पाच मिनिटं. त्यांनी ते दोनदा मनात लिहिलं. आतून अन्विता हाक मारत होती, “अप्पा, वही देता? खिडकीत आहे. नळी चोंदली म्हणून लिहायचंय. बघा, तुमची लेक नोंद ठेवते की नाही.”

वही खिडकीत होती. कडक पुठ्ठ्याची, त्यांनीच आणून दिलेली, रकाने त्यांनीच आखलेले. तारीख, गवत किती, पेटवलं केव्हा, व्हॉल्व्हची दांडी हलवून पाहिली. त्यांनी आजची ओळ शोधली. पेटवलं: साडेनऊ. दांडी हलवून पाहिली: बरोबरची खूण. साडेनऊला दांडी नऊ पदरी दोऱ्यानं पाइपला आवळलेली होती, हलणं शक्यच नव्हतं, आणि चौकोनात खूण होती, छोटी उतरण, लांब चढण, शेपटीला वळण. कालच्या ओळीवरही होती, काल यंत्र पेटलंच नव्हतं. परवाच्या ओळीवर होती. सगळ्या एकाच निळ्या शाईच्या, एकाच बैठकीतल्या. पान उलटायची गरज नव्हती, पण हातानं उलटलं. उद्याची तारीख. खूण. परवाची. खूण. महिनाअखेरपर्यंत, एकही चौकोन न चुकवता.

“सापडली?” अन्विता हात पुसत आली, त्यांच्या खांद्यावरून वहीत डोकावली आणि हसली. “ते ना, मी एकदम घालून ठेवते. आपण घालायचो तसं. आठवतं?”

“आठवतं.”

“वडी मिळत नाही आता तेवढी.” तिनं पेन घेतलं, आजच्या ओळीपुढे ‘नळी चोंदली, साफ केली’ असं लिहिलं आणि आत वळली. “चला, उरलेलं गवत वाया नको जायला. अंबुबाई, पुढच्या खेपेची जुडी कापून दारात ठेवा.”

झाकण बसल्याचा आवाज आला. स्क्रू आवळल्याचे आवाज आले, एक, दोन, तीन. सुधींद्रराव मोजत होते. आठ झाले की शेगडी पेटेल. त्याच्या आत सांगायचं. दोरा मी बांधला होता. तू ती दांडी कधीच हलवून पाहत नाहीस. आणि तो मंगळवार, बेटा, तो मंगळवार तुझ्या हातचा होता, आणि तुझा हात माझा. सहा. सात.

“अन्विता.”

“काय अप्पा?” ती दारात आली. हातात लायटर, गालावर गवताचं पातं चिकटलेलं, नऊ वर्षांच्या मुलीसारखी खूश.

अंबुबाईचा हात विळीवर थांबला होता. ती बघत होती, त्यांच्याकडे, पापणी न हलवता, जसं कोणी भांडं उतू जाईल का ते बघतं.

“काही नाही,” सुधींद्रराव म्हणाले. “सहज.”

आत शेगडीनं भप्पकन श्वास घेतला. अंबुबाईनं क्षणभर आणखी वाट पाहिली. मग ती उठली, जुडी दारात ठेवली, विळी काखेत मारली, टोपली उचलली, आणि शेडपासून लांब, पार कुंपणाशी, पाठ त्याच्या भिंतीला लावून पुन्हा गवत कापायला बसली.